सुलेखाताईंचा होकार

सुलेखाताई किन्हीकर एकोणसत्तराव्या वर्षी हट्टाला पेटतील, असं त्यांच्या ओळखीतल्या कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. बाई कशी होती, तर दिवाळीच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, श्रीखंड संपलं की "मला तसंही गोड फार चालत नाही" म्हणत रिकाम्या वाटीनिशी हसत उभी राहणारी. नवरा म्हणाला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात राहायचं, राहिल्या. मुलगा म्हणाला आता हायवेवर गाडी नेऊ नकोस, नाही नेली. अशा बाईने अमेरिकन सरकारला एक साधा होकार द्यायचं नाकारलं, आणि तेही नेमकं अशा वेळी, की त्या होकारावर त्यांचं नागपूरला सख्ख्या बहिणीच्या उशाशी जाऊन राहणं अडलं होतं. मुलाच्या, म्हणजे मिहीरच्या मते आईचं डोकं फिरलं होतं. पण डोकं फिरलेली माणसं इतकी घाबरत नाहीत. सुलेखाताई आतून पार टरकल्या होत्या.

त्या इथे आल्या चाळीस वर्षांपूर्वी, श्रीरामरावांच्या पीएचडीच्या पाठोपाठ. तेव्हा गावात हिंगसुद्धा मिळत नसे. कोणी पिट्सबर्गला निघालं की सगळ्यांच्या पिशव्या त्याच्या गाडीत. श्रीरामराव पुढे युनिव्हर्सिटीतच शिकवू लागले आणि सुलेखाताईंना बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, उबेत ठेवायच्या आणि किती उगवतात ते बघायचं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं आणि त्यांना ते मनापासून आवडलं. मिहीर इथेच जन्मला, शिकला, आणि आता दुसऱ्या राज्यात, ॲशबर्नला, एका डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याची बायको मोना, मुलगी अनया. श्रीरामरावांनी अमेरिकन नागरिकत्व कधीच घेतलं होतं. सुलेखाताईंनी ग्रीन कार्डावर भागवलं. आळस म्हणा, माया म्हणा. आपला भारतीय पासपोर्ट परत करायचा विषय निघाला की त्या भांडी विसळायला उठत.

श्रीरामराव नऊ वर्षांपूर्वी अचानक गेले. घर माणसांनी भरलं. मराठी मंडळाच्या बायकांनी महिनाभर डबे पोचवले आणि डब्यांबरोबर सल्लेही. बिझी राहा, योगा लाव, मिहीरकडे जा, रडू नकोस, त्यांच्या आत्म्याला त्रास होतो. सगळं मायेने, त्यात शंका नाही. पण सुलेखाताईंना वाटे, एक तास कोणी तरी मला काही सांगू नका. तेव्हा प्रयोगशाळेतली जुनी सहकारी लिडिया आली. सहा फूट उंच, विधवा, शेतावर शेळ्या पाळणारी, कमी बोलणारी बाई. ती म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर चल. तिथे तुला कोणी काही सांगणार नाही."

गावापासून अर्ध्या तासावर मक्याच्या शेतांमध्ये स्प्रूस हॉलो नावाची वस्ती आहे. तिथे क्वेकर लोकांचं एक दगडी घर आहे. घरच म्हणायचं, कारण देऊळ किंवा चर्च वाटावं असं त्यात काही नाही. क्रूस नाही, मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, पाद्री नाही. समोरासमोर लाकडी बाकं आणि मधे शेगडी. पंधराएक माणसं येऊन बसतात आणि तासभर गप्प राहतात. कोणाला आतून अगदी राहवलंच नाही तर तो उठून चार वाक्यं बोलतो, आणि पुन्हा शांतता. त्या पहिल्या रविवारी सुलेखाताई पूर्ण तासभर रडल्या. कोणी पाठीवर हात फिरवला नाही, कोणी पाणी आणलं नाही. शेवटी सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले, त्यांचाही घेतला, आणि मंडळी चहाला गेली. पुढच्या रविवारी सुलेखाताई स्वतःच गाडी काढून तिथे हजर होत्या.

आता हे क्वेकर म्हणजे कोण हे इथे सांगायलाच हवं, कारण ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला म्हातारा यापलीकडे आपल्या लोकांची त्यांच्याशी ओळख नाही. पावणेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात राजा, पार्लमेंट आणि चर्च यांच्या भांडणात देश होरपळून निघाला होता. तेव्हा काही विणकर, शेतकरी आणि घरकाम करणाऱ्या बाया म्हणू लागल्या की देवाशी बोलायला मधे दलाल कशाला? प्रत्येकाच्या आत त्याचा उजेड आहे, गप्प बसलं तर तो दिसतो. ही माणसं स्वतःला नुसती 'फ्रेंड्स' म्हणवत. 'क्वेकर', म्हणजे थरथरणारे, हे नाव चिडवणाऱ्यांनी ठेवलं आणि तेच चिकटलं. यांचा हट्ट असा, की कोणाही बड्या माणसापुढे टोपी काढायची नाही, कोणावर शस्त्र उचलायचं नाही आणि कोर्टात शपथ घ्यायची नाही. शपथेवर खरं बोलायचं, म्हणजे एरवी खोटं बोलायची मुभा आहे की काय? न्यायाधीशांना हे भलतंच सोयीचं झालं. दुसरा गुन्हा सापडला नाही की शपथ घ्यायला सांगायची. हा घेणार नाही, मग टाका आत. हजारो माणसं त्यापायी तुरुंगात गेली, कित्येक तिथेच मेली. बॉस्टनमध्ये तर चौघांना फासावर चढवलं. पुढे त्यांच्यातल्याच एकाला, एका आरमारी अधिकाऱ्याच्या मुलाला, राजाने हा डोंगराळ मुलूख दिला, आणि तेच आजचं पेनसिल्व्हेनिया. ही माणसं संत होती अशातला भाग नाही. काहींनी इथे येऊन गुलाम बाळगले, आणि ते चूक आहे हे सगळ्यांनी मिळून ठरवायला त्यांना जवळजवळ शंभर वर्षं लागली.

याला कारण त्यांची ठरवायची रीत. हे लोक मतदान करत नाहीत. बहुमत म्हणजे काही जणांनी बाकीच्यांना हरवणं, असं त्यांचं म्हणणं. सगळे बसतात, बोलतात, गप्प राहतात, आणि सगळ्यांच्या मनाला पटेल असं वाक्य सापडलं तरच ते लिहितात. एक जण जरी उभा राहून म्हणाला की मला हे पटत नाही, तरी थांबतात. छपरावरची कौलं बदलायला स्प्रूस हॉलोला चार वर्षं लागली, तोवर बादल्या ठेवून भागवलं.

सुलेखाताईंना यांच्यात बसायची सवय झाली. सदस्य व्हा असं त्यांना कोणी म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. घरी देवघर होतं, गणपती बसत होता, रविवारी सकाळी पूजा आटोपूनच त्या निघत. फरक पडला तो एवढाच, की पॉटलकमध्ये श्रीखंड संपलं की त्या "अरेरे, मला हवं होतं" म्हणू लागल्या. मंडळातल्या बायका चरकल्या. मोठी बहीण मालिनी एकदा नागपूरहून आली होती, तिलाही त्या घेऊन गेल्या. मालिनीने तासभर शाळेतल्या मुलीसारखी हाताची घडी घातली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बरं वाटलं गं. एक तास कोणी देवाकडेसुद्धा काही मागितलं नाही."

मालिनी म्हणजे सुलेखाताईंची आईच. आई लवकर गेली. मालिनीने शाळेत भूगोल शिकवून घर चालवलं, धाकटीला एमएस्सी केलं, तिचं लग्न लावून दिलं आणि स्वतःचं राहून गेलं. तीन वर्षांपूर्वी तिच्या हातातून खडू गळावा तसा चमचा गळू लागला. स्नायू एकेक करून निकामी करणारा आजार. आधी हात, मग पाय, आता जिभेपर्यंत आला होता. कांचन नावाची एक बाई दिवसरात्र तिच्यापाशी राहते, पण मालिनीचे डोळे दारावर असतात ते सुलूसाठी. सुलेखाताई दोन वर्षांत दोनदा पाच-पाच महिने जाऊन राहिल्या. दुसऱ्यांदा परत येताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं आणि विचारलं की तुम्ही इथे राहता की इथे पाहुण्या येता? पुढच्या वेळी इतके दिवस बाहेर राहिलात तर कार्ड काढून घेऊ. हल्ली दिवस असे, की ही धमकी पोकळ म्हणून सोडून देता येत नाही. आणि मालिनीला आता पाच महिन्यांची बहीण पुरणार नव्हती. शेवटपर्यंत राहणारी हवी होती.

मग मिहीरनेच तोड काढली. आईने नागरिकत्व घ्यायचं. एकदा पासपोर्ट हातात आला की नागपूरला वर्ष राहा नाही तर तीन वर्षं राहा, परत यायला कोणी अडवणार नाही. त्याने ॲशबर्नला आपल्या किचनमध्ये बसून अर्ज भरला, आईने त्यावर न वाचता सही केली. मुलाखतीची तारीखही आली, फिलाडेल्फियाची. मिहीर व्हिडिओ कॉलवर रोज सराव घेऊ लागला. राष्ट्राध्यक्ष कोण, सिनेटर किती, सुलेखाताई पटापट उत्तरं देत. एका संध्याकाळी त्याने पुढचा प्रश्न वाचला: कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलाल का?

सुलेखाताई म्हणाल्या, "नाही."

मिहीर हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आई हसत नाहीये. "आई, यार, जस्ट से येस," तो म्हणाला. "तुला कोण गन देणार आहे? तुला जिना चढवत नाही. ती फॉर्मॅलिटी आहे." अर्जात त्याने 'होय'वर खूण करून टाकलीसुद्धा होती. सुलेखाताईंनी ती खूण दुरुस्त करायला सांगितली. दोघांचं तासभर चाललं. तो म्हणाला गीतेत काय सांगितलंय, लढच म्हटलंय ना? त्या म्हणाल्या गीता तू तुझ्या सोयीने कपाटातून काढतोस. शेवटी तो चिडून म्हणाला की मालूमावशी तिकडे मरते आहे आणि तू इथे एका शब्दासाठी अडून बसली आहेस. सुलेखाताईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्याला धरून उभ्या राहिल्या. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर जास्त लागलं होतं.

मिहीरची मैत्रीण चारुता अशा कामांची वकील. ती म्हणाली की काकू, कायद्यात सोय आहे. ज्यांचा धर्म आड येतो त्यांना नागरिकत्वाच्या शपथेतली ती ओळ वगळता येते. पण आधी होय लिहून मग नाही म्हटलं की अधिकाऱ्याला संशय येतो, आणि सध्या तर ते संशयच शोधत बसलेत. त्यावर उपाय एकच: तुमच्या क्वेकर मंडळीकडून या आमच्या सदस्य आहेत असं पत्र आणा. सदस्य म्हटलं की प्रश्न मिटला. सुलेखाताईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. नऊ वर्षांची माणसं, एक पत्र देणार नाहीत?

महिन्याच्या बैठकीत हा विषय निघाला. बैठक चालवणाऱ्याला तिथे क्लार्क म्हणतात. त्या वर्षी तो वॉल्टर होता, कॅम्पसच्या बसवर आयुष्यभर ड्रायव्हर असलेला हसतमुख माणूस. त्याने वाक्य तयार करून वाचलं की सुलेखा किन्हीकर या आमच्या मंडळीच्या सदस्य असून शस्त्र न उचलण्याच्या आमच्या श्रद्धेत सहभागी आहेत. सगळ्यांना मान्य? माना डोलू लागल्या. सुलेखाताई रुमालाची चौकोनी घडी घालत होत्या.

लिडिया उभी राहिली. "मला हे वाक्य मान्य करता येत नाही," ती म्हणाली. "सुलेखा सदस्य नाही."

सुलेखाताईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग कोणी तरी म्हणालं की हा तर तांत्रिक मुद्दा झाला, ती आपल्यापैकीच आहे. लिडिया म्हणाली की हो, माझ्यासाठी बहिणीपेक्षा जवळची आहे, पण सदस्य नाही, आणि सरकारला आपण तसं लिहून दिलं तर ते खोटं होईल. वॉल्टरने घाम पुसला आणि अगदी हळुवारपणे विचारलं की सुलेखा, तुला सदस्य व्हायचं आहे का? तू आज होय म्हणालीस तर पुढचं सगळं आम्ही लवकर उरकू.

सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे वळले. किती सोपं होतं. मालिनीच्या उशाशी पोचायला एवढंच लागत होतं. सुलेखाताईंना घरचं देवघर आठवलं, सकाळीच वाहिलेली फुलं आठवली. कदाचित देवघर आणि हे बाक, दोन्ही चाललं असतं. इथे कोणी हरकत घेतली नसती. पण नऊ वर्षं जे मनात आलं नाही ते आज का येतं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या उठून उभ्या राहिल्या. "आज मी होय म्हटलं तर ते कागदासाठी असेल," त्या म्हणाल्या. "तसं मला तुमच्यात यायचं नाही."

अखेर लिडियाच म्हणाली की मग ती सदस्य नाही असंच लिहा, आणि आपल्याला तिच्याबद्दल जे खरोखर माहीत आहे ते खाली लिहा. तीन ओळींचं पत्र झालं. सुलेखाताईंनी ते घेतलं, पर्समध्ये कोंबलं आणि कोणाचाही हात हातात न घेता गाडीत जाऊन बसल्या. रस्ताभर त्या लिडियाला मराठीतून शिव्या देत होत्या. साध्या-सोज्वळ शिव्या, पण दिल्या.

मुलाखतीच्या दिवशी मिहीर त्यांना घेऊन गेला. साडेतीन तासांच्या रस्त्यात त्याने एकदाच तोंड उघडलं: ते पत्र दाखवू नकोस, त्यात सरळ लिहिलंय की तू त्यांची कोणी नाहीस. आत मात्र त्यांना एकटीलाच जायचं होतं. अधिकारी पन्नाशीचा, कपाळावर चष्मा चढवलेला, सकाळपासून माणसं तपासून कंटाळलेला. त्याने उजवा हात वर करून शपथ घ्यायला सांगितलं. सुलेखाताई म्हणाल्या की मी शपथ घेत नाही, खरं बोलेन असं सांगते. त्याने मान वर न करता शब्द बदलला; कायद्याला दोन्ही चालतात. सिनेटर झाले, राज्यघटना झाली, इंग्रजीचं वाक्य लिहून झालं. मग तो प्रश्न आला.

"नाही," त्या म्हणाल्या.

कीबोर्डवरची बोटं थांबली. अर्जात होय लिहिलं होतं आणि नंतर दुरुस्ती आली होती, हे त्याने बोलून दाखवलं. सुलेखाताईंनी सांगितलं की मुलाने भरलं, मी न वाचता सही केली, चूक माझी. त्याने विचारलं, तुम्ही क्वेकर आहात का? नाही. मग? मी हिंदू आहे. आता त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. हिंदू तर लढतात, तो म्हणाला. माझ्या वाचनात आहे, तुमच्या देवानेच लढायला सांगितलंय.

इथे मिहीर असता तर त्याने टेबलाखालून पाय दाबला असता. "सांगितलंय," त्या म्हणाल्या. "पण समोरच्या माणसात देव आहे, असंही सांगितलंय. ते मी लहानपणापासून म्हणत आले. नुसतं म्हणत आले. या लोकांत नऊ वर्षं बसले तेव्हा ते मला पटलं. आता मला कोणावर बंदूक रोखता येणार नाही. दवाखान्यात काम द्या, करीन. पूर आला तर स्वयंपाक रांधीन."

"मॅम, तुमच्या वयाच्या बाईला कोणी बंदूक देणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. मग माझं खोटं होय घेऊन तुम्ही काय करणार?"

त्याने काही पुरावा आहे का विचारलं. सुलेखाताईंनी पर्स उघडली. पत्र चुरगळलं होतं, त्यांनी ते टेबलावर तळहाताने सपाट केलं आणि पुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं: सुलेखा किन्हीकर आमच्या सदस्य नाहीत. गेली नऊ वर्षं त्या आमच्याबरोबर बसतात. जे त्यांना मनापासून पटलेलं नाही, ते बोलताना आम्ही त्यांना ऐकलेलं नाही. अधिकाऱ्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाला की लोक सदस्य असल्याची पत्रं आणतात, नसल्याचं मी पहिल्यांदाच बघतो आहे. आवाजात चीड होती की आणखी काही, हे सुलेखाताईंना कळेना. मग त्याने एक कागद छापून हातात दिला. आज निर्णय देता येत नाही, वरिष्ठ बघतील, गरज पडली तर पुन्हा बोलावू. बोलावलं आणि तुम्ही आला नाहीत तर अर्ज बाद होईल.

गाडीत मिहीरने तो कागद वाचला आणि किल्ली न फिरवता बसून राहिला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं की आता मालूमावशीला काय सांगायचं.

आठवडे गेले. पत्र नाही, बोलावणं नाही. नागपूरहून कांचनचे निरोप येत होते: आता पाणीही घट्ट करून द्यावं लागतं, आता रात्री श्वासाचं यंत्र लावतात. सुलेखाताई नागपूरला गेल्या तर इथलं बोलावणं चुकेल आणि जास्त राहिल्या तर कार्डही जाईल. मग हे घर, मिहीर, अनया, चाळीस वर्षं, सगळं दाराबाहेरून बघायचं. थांबल्या तर मालिनी जाईल. सुलेखाताई रविवारी स्प्रूस हॉलोला जाईनाशा झाल्या. देवापुढे बसायच्या, तिथेही मन लागेना.

एक दिवस लिडिया आली. हातात काही आणलं नव्हतं, एरवी आणते ते शेळीच्या दुधाचं चीजसुद्धा नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली की माझ्यामुळे तुझी बहीण तुला अंतरेल, असं मला वाटतंय. मला झोप लागत नाही. सुलेखाताईंनी पटकन "छे गं, तसं काही नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"मला तुझा फार राग आला आहे," त्या म्हणाल्या. "तू बरोबर होतीस, तरी आला आहे. अजून गेला नाही."

लिडियाने मान डोलावली. म्हणाली, तेच ऐकायला आले होते. मग ती उठली नाही आणि सुलेखाताईंनीही तिला उठवलं नाही. चहा झाला. लिडियाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिने ते पुसलं नाही. सुलेखाताईंना तिची कीव आली, रागही आला, आणि ती उठून जाऊ नये असंही वाटलं. तिन्ही एकदम.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी कांचनचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दिवेलागण झाली होती. मालिनीला बोलायचं आहे, असं कांचन म्हणाली आणि फोन तिच्या तोंडाजवळ धरला. चेहरा इतका उतरला होता की सुलेखाताईंनी ओळखीची जागा शोधली ती डोळ्यांत. मालिनी एकेक शब्द ढकलत बोलत होती, मधे श्वासासाठी थांबत होती.

"सगळे म्हणतात, सुलू येतेय. डॉक्टर म्हणतो. कांचन म्हणते. मिहीरही म्हणाला. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात." मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "तू सांग. येतेस?"

कोणीही हो म्हटलं असतं. मरणाऱ्या माणसाला हो म्हणायचं असतं, त्यात पाप नाही, असं सगळं जग म्हणतं. सुलेखाताईंच्या ओठांवर तो शब्द आलाच होता आणि तो त्यांना तसा देता येईना. फिलाडेल्फियाच्या परक्या माणसाला जो खोटा दिला नाही, तो मालूला द्यायचा? आणि खरं सांगायचं तर माहीत नाही म्हणावं लागणार. त्या नुसत्या पडद्याकडे बघत राहिल्या. मालिनीही बघत राहिली. तिने घाई केली नाही. कांचनचा हात अवघडला असावा, चित्र जरा हललं. खिडकीबाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं. एकदा हो म्हटलं की ते खरं करावंच लागणार होतं. मग घर गेलं तर जाईल. कार्ड गेलं तर जाईल. अनया मोठी होताना फोनवर बघावी लागेल. हे सगळं सुलेखाताईंनी एकेक करून पाहिलं, आणि त्यांना फार भीती वाटली.

"येते," त्या म्हणाल्या. "गुरुवारी निघते. तुझ्यापाशीच राहते."

मालिनीने डोळे मिटले. कांचनने फोन बंद केला.

मग त्यांनी मिहीरला फोन केला. तो वाद घालेल अशी तयारी होती. पण तो म्हणाला, मी तिकीट बुक करतो, रिटर्न कधीचं काढू? सुलेखाताई म्हणाल्या की ते मला सांगता येणार नाही. त्याने एकाच बाजूचं काढलं, आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाला की आई, तू परत येताना तुला अडवलं तर मी येईन तिथे.

बुधवारी त्या बॅग भरत असताना कांचनचा पुन्हा फोन आला. वाईटच बातमी असणार असं सुलेखाताईंना वाटलं. तसं नव्हतं. कांचनला नुसतं विचारायचं होतं. मोठ्या ताई रोज दहादा विचारायच्या, ती म्हणाली, सुलू कधी येणार, सुलू कधी येणार. आम्ही सगळे सांगून थकलो. काल तुमच्याशी बोलल्यापासून त्यांनी एकदाही विचारलं नाही. रात्रभर झोपल्या. तुम्ही असं काय सांगितलंत त्यांना?

"काही नाही," सुलेखाताई म्हणाल्या. "येते म्हटलं."